एक पिशवी शुगरची, एक डोळ्यांची

मा. संपादक,
स. न.

आमच्या भागातल्या मोफत नेत्रतपासणी शिबिराची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. फोटोत डोळे तपासून घेणाऱ्यांपेक्षा मान्यवरच जास्त दिसत होते, पण ते असो. शिबिरे होतात हे चांगलेच. मात्र मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर एवढ्यावर ती आटोपतात, मधुमेही माणसाच्या डोळ्याचा पडदा आणि किडनी बघायची राहून जाते, त्याबद्दल लिहावेसे वाटले. निमित्त घरचेच आहे.

माझ्या यजमानांना शुगर होऊन सोळा वर्षे झाली. त्यांच्या कागदांसाठी घरात दोन कापडी पिशव्या, एक शुगरची आणि एक डोळ्यांची. ज्या दवाखान्यात जायचे तिथली पिशवी खांद्याला लावायची. पाच वर्षांपूर्वी पेपर वाचताना डाव्या डोळ्यापुढे काळे जाळे तरंगू लागले म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब घालून आतला पडदा पाहिला, रक्तस्राव झालाय म्हणाले. दोनदा लेसर झाले, जाळे निवळले, आमचा जीव भांड्यात पडला. कागद पिशवीत गेला.

त्या कागदाच्या तळाला घाईच्या अक्षरात एक ओळ होती, ‘बीपी, लघवीतील अल्ब्युमिन, किडनी तपासून घेणे.’ ती मी वाचली तीन वर्षांनी, यजमानांच्या पायांवर सूज आली आणि किडनीने गाळून टाकायचे क्रिएटिनिन रक्तात वाढून 2.8 निघाले त्या रात्री. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, वेलांटी चुकलेली सोडली नाही, आणि हा कागद मात्र औषधाच्या दुकानात थेंबांपुरता दाखवून घडी घालून ठेवला. शुगरच्या डॉक्टरांनी डोळ्यांचे विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. लघवी एकदा तपासली होती, नमुन्यात बुडवायच्या साध्या पट्टीवर. ‘नॉर्मल’.

पुढे किडनीच्या डॉक्टरांनी आम्हाला केसपेपरच्या पाठीमागे पेनाने चित्र काढून दाखवले. दोऱ्याचा गुंता व्हावा तसा बारीक रक्तवाहिन्यांचा एक पुंजका. अशा साधारण दहा लाख गाळण्या एकेका किडनीत असतात. डोळ्याच्या पडद्यावर तशाच बारीक वाहिन्यांचे जाळे असते. साखर आणि बीपी वर्षानुवर्षे वाढलेले राहिले की या वाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. पडद्यावर रक्ताचे ठिपके आणि पिवळट डाग दिसतात, किडनीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत उतरते. फरक इतकाच की किडनीतल्या वाहिन्या बघायच्या तर सुई घालून तुकडा काढावा लागतो, आणि डोळ्यातल्या मात्र बाहुलीतून उजेड टाकला की दिसतात. इतक्या लहान रक्तवाहिन्या काहीही न कापता सरळ दिसाव्यात, अशा शरीरातल्या मोजक्या जागांपैकी ही एक.

हे काही कालचे ज्ञान नाही. लंडनच्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी 1830च्या दशकातच किडनी बिघडलेल्या रुग्णांची नजर जाते हे नोंदवून ठेवले होते. डोळ्यात डोकावायचे उपकरण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1851 मध्ये केले, ते त्याच्यानंतर. आणि 2020 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी पडद्याच्या फोटोवरून संगणकाला किडनीचा आजार ओळखायला शिकवल्याचे प्रसिद्ध केले. संगणक येईल तेव्हा येवो, आमच्याकडे माणसाने लिहिलेली ओळच कोणी वाचली नव्हती.

यातून कोणी उलटा अर्थ मात्र काढू नये. पडदा स्वच्छ आहे म्हणजे किडनीही ठीक, असे टाइप 2 मधुमेहात, म्हणजे बहुतेकांना असतो त्या प्रकारात, धरून चालत नाही. पडद्यावर काहीच नसताना किडनी बिघडलेले रुग्ण असतात. म्हणून दोन्ही तपासण्या निदान झाले त्या वर्षापासूनच, दरवर्षी करायच्या असतात. लघवीची तपासणी म्हणजे एसीआर, लघवीतल्या अल्ब्युमिनचे तिथल्याच क्रिएटिनिनशी प्रमाण. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असेल तर ठीक. त्याच्या थोडे वरचे साध्या पट्टीवर बहुधा उमटतच नाही, म्हणून तर आमचे ‘नॉर्मल’ आले. रक्तातले क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचे निम्मे काम गेलेले असू शकते. वेळेत कळले तर बीपीच्याच काही गोळ्या हे झिरपणे कमी करतात. यजमानांना त्या आता चालू आहेत, डायलिसिस अजून लांब आहे.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचा अंदाज होता की देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. या सगळ्यांना किडनीचे तज्ज्ञ कुठून मिळणार? तालुक्याच्या गावी डोळ्यांचा डॉक्टर एकवेळ सापडतो. म्हणून शिबिर भरवणाऱ्या मंडळांना सुचवायचे आहे की मधुमेही माणूस आला तर नुसता नंबर काढून पाठवू नका. पडदा बघा, तिथेच लघवीचा नमुना घ्या, आणि दोन्हींचा निकाल एकाच कागदावर, मराठीत, ठळक लिहा. शुगरच्या डॉक्टरांनीही वर्षातून एकदा ‘डोळ्यांचा कागद आणा’ म्हणावे. त्याला काही खर्च नाही.

आणि आपल्याला एक विनंती. पुढच्या शिबिराची सूचना छापाल तेव्हा त्यात एवढे जरूर घाला की थेंब घातल्यावर तीन-चार तास धूसर दिसते, स्कूटर चालवता येत नाही, सोबत कोणाला तरी घेऊन या. आमच्या ह्यांना जाळे दिसू लागायच्या दोन वर्षे आधी एका शिबिरात थेंब घालायला बसवले होते. ‘गाडी कोण नेणार?’ म्हणून ते तसेच उठून घरी आले.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, कराड