वळिवड्याचा वारसा आणि सुदानची पोरं

मा. संपादक, स.न.वि.वि.

दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेली पोलंडची सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका-पोरंच जास्त, १९४३ ते ४८ आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिली, त्यांच्यासाठी शाळा होत्या, दवाखाना होता, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आता सुदानच्या पोरांचं काय? एप्रिल २०२३ पासून तिथं युद्ध पेटलंय, लाखो लोक जीव मुठीत धरून शेजारच्या चाडमध्ये गेलेत. त्यात एखाद्या पोराला टाइप वन डायबेटिस असला तर इन्सुलिन रोज लागतं, काही दिवस जरी बंद पडलं तरी जीव जातो, आणि छावणीत फ्रिज कुठला, मातीच्या मडक्यात गार ठेवायचं. शुगर तपासायच्या पट्ट्या, सुया वेगळ्याच. म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा अशा पोराच्या घराला दरमहा थोडे पैसे पण न चुकता द्यावेत, आणि औषधापुरतेच नकोत, बाकीची भावंडं उपाशी असली तर आई काय करणार, औषधाचे पैसे पिठाला जाणारच की! आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून हे सुरू केलंय. तालीम मंडळांनीपण गणपतीच्या वर्गणीतनं एकेका पोराची जबाबदारी घ्यावी, फक्त ज्या संस्थेमार्फत पैसे पाठवाल तिची नोंदणी आणि हिशेब आधी नीट बघून घ्या.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर