मंत्रिमहोदय, काठी मिळाली. आता सांभाळायचं कसं तेही शिकवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून माझ्या सासऱ्यांच्या खात्यावर ३००० रुपये जमा झाले, त्याबद्दल सरकारचे आधी आभार मानते. त्यातून आम्ही कमोडची खुर्ची आणि एक मजबूत काठी घेतली. गेल्या आठवड्यात माझ्या भुवईवर टाके पडले, ते त्याच काठीचे.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. एसटीत कंडक्टर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणावर हात उगारला नाही. आता डिमेन्शिया आहे, म्हणजे आठवण आणि भान हळूहळू जात राहण्याचा आजार. दिवस कलला की त्यांची ड्युटी सुरू होते. गादी उचलून तिकिटांची पेटी शोधतात, 'मुक्कामी गाडी आहे, पॅसेंजर खोळंबलेत' म्हणत दाराकडे निघतात. दार अडवलं की काठी उठते. नवरा रिक्षा चालवतो, रात्री उशिरा येतो. म्हणजे दार अडवायला मीच.

टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, 'नवरा मारतो का?' नाही म्हटलं तर पटेना. सासऱ्यांनी मारलं म्हटल्यावर पोलिसांत कळवायचं का, म्हणाले. कळवा की! डायपर लावलेल्या म्हाताऱ्याला कोठडीत बसवा, म्हणजे कायदा-सुव्यवस्था सुधारेल. शेवटी डिमेन्शिया आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा 'डोकं शांत ठेवायची गोळी' लिहून दिली आणि पुढचा पेशंट आत घेतला. असल्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलाय. कधी नाइलाजाने द्याव्या लागतात, मान्य. पण आधी घरच्यांना दोन गोष्टी समजावून सांगायला काय हरकत होती?

त्या दोन गोष्टी मला आमच्या गल्लीतल्या एका रिटायर सिस्टरनं सांगितल्या. म्हणाल्या, 'दार अडवू नकोस. तुम्ही रिटायर झालाय, असं तर अजिबात सांगू नकोस. गाडी लेट आहे म्हण, कंट्रोलरनं चहा सांगितलाय म्हण, आणि चिल्लर मोजायला दे.' त्या संध्याकाळी मी डब्यातली सगळी नाणी त्यांच्यापुढे ओतली. मामांनी एक-दोन-पाचच्या चळती लावल्या, चहा प्यायले आणि 'हिशोब लागला' म्हणून जेवायला बसले. रोज जमतंच असं नाही. पण टाक्यांपेक्षा चिल्लर बरी.

याच सिस्टरनं विचारलं होतं, लघवी कशी होते, पोट साफ आहे का. मध्यंतरी अंघोळीला नेलं की मामा ओरबाडायचे, चावायचे. तपासलं तर लघवीला जंतुसंसर्ग. दुखतंय हे तोंडानं सांगता येत नव्हतं, म्हणून हात चालत होता. डिमेन्शियातल्या मारामारीमागे पुष्कळदा असलंच काहीतरी असतं. बद्धकोष्ठ, तहान, अपुरी झोप, कानातलं मशीन बंद, टीव्हीचा गोंगाट, मागून येऊन कुणी दंड धरला. समोरून जावं, एका वेळी एकच वाक्य बोलावं, पाणी आधी पायांवर घालावं. याला काय एमआरआयचं मशीन लागतं?

आता तुमच्या खात्याच्या आश्वासनाकडे येते. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन; अल्झायमर हा डिमेन्शियाचाच एक प्रकार. गेल्या वर्षी त्या दिवशी आमच्याकडे शिबिर झालं. हार झाले, नारळ झाले, फोटो झाले. एका साहेबांनी माइकवरून जाहीर केलं की डिमेन्शियाच्या पेशंटच्या घरच्यांसाठी दर महिन्याला प्रशिक्षण वर्ग घेऊ. मी पुढच्याच रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. एकही वर्ग झाला नाही. कपाळाला पट्टी लावून विचारायला गेले, तर खिडकीतून उत्तर आलं, 'कसलं प्रशिक्षण? म्हातारपणी असं व्हायचंच. बायकांना काय शिकवावं लागतं होय सेवा करायला?'

हे वाक्य मला टाक्यांपेक्षा जास्त लागलंय, साहेब.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. लोकसंख्येच्या हिशोबानं आपल्या राज्यात सात-आठ लाख तरी धरा. आकडा चुकत असेल तर खात्याने बरोबर आकडा छापावा, मी माफी मागेन. या प्रत्येकामागे एक बाई आहे. सून, मुलगी, नाहीतर स्वतःच सत्तरीला टेकलेली बायको. तिची नोंद तुमच्या कुठल्या रजिस्टरात आहे?

आणि हे जमत नाही असं सांगू नका. शेजारच्या गोव्यात दोन तालुक्यांत हा प्रयोग झाला, २००८ साली त्याचा निबंध छापून आला. डॉक्टर नव्हे, थोडं प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं घरोघरी जाऊन घरच्यांना शिकवत होती. म्हाताऱ्यांचा आजार हटला नाही, पण सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली, त्रास हलका झाला. जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' हा घरच्यांसाठीचाच अभ्यासक्रम आहे, त्याची भारतीय आवृत्ती बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या मदतीनं झाली. त्यातलं एक पान आमच्या तालुक्यात आलेलं नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम तर २०१०-११ पासून आहे म्हणे. असेल. फलक पाहिलाय मी.

सत्तरीपुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड दिलंत, पण ते चालतं अ‍ॅडमिट झाल्यावर. मामा अ‍ॅडमिट नाहीत, ते घरात आहेत. माझं डोकं फुटून मी अ‍ॅडमिट झाले तर माझ्या वयाला ते कार्ड नाही. तीर्थदर्शनाला रेल्वे आहे. मामांना गाडीत बसवून दाखवा एकदा, सगळ्या डब्याची तिकिटं तपासतील. निवडणूक आली की आम्ही बहिणी, माता, भगिनी. निवडणूक सरली की आम्ही फुकटच्या नर्सा. घरातल्या बाईच्या अंगमेहनतीवर अख्खं आरोग्य खातं चाललंय, आणि तिला शिकवायचं म्हटलं की निधी नाही. कृपा करून हे काम पुन्हा आशाताईंच्याच गळ्यात बिनपैशाचं बांधू नका. त्याही कुणाच्या तरी सुनाच आहेत.

मागणी एवढीच, महिन्यातून एक दुपार, तालुक्याच्या दवाखान्यात, शिकवून तयार केलेली एक सिस्टर. आणि त्या दुपारी म्हाताऱ्यांजवळ बसायला कुणीतरी, नाहीतर आम्ही यायचं कसं?

येत्या २१ सप्टेंबरला शिबिर होईलच. या वेळी हार-नारळाचे पैसे त्या सिस्टरला द्या. बायका मी गोळा करते, सतरंजी आमची.

आपली,
एक सून
जि. सांगली