टीव्ही लगेच भंगारात कशाला?

रविवारच्या पुरवणीत बिघडलेला जुना टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवाच घ्यावा, असा सल्ला वाचला. तो सरसकट पटला नाही. गोव्यातील पावसाळी दमट हवा आणि विजेचा लपंडाव यांत बहुधा पॉवर सप्लायचा बोर्ड जातो, पडदा नव्हे. आवाज येतो पण चित्र नाही, असे झाले तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपी बॅटरी मारावी. पुसट चित्र हलताना दिसले, तर पॅनल म्हणजे पडदा शाबूत आहे; त्याला मागून उजेड देणाऱ्या एलईडी पट्ट्या किंवा त्यांचा वीजपुरवठा तेवढा गेला आहे. आमचा नऊ वर्षांचा संच ऐन चवथीत असाच ‘मेला’ होता. दुकानदाराने नव्या मॉडेलची पत्रके पुढे केली. शेजारच्या मेकॅनिकने पट्ट्या बदलल्या आणि आरत्या आटोपेपर्यंत चित्र परत आले! पॅनलच फुटले असेल तर मात्र लेखकाचे म्हणणे मान्य.

केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. तरीही सुट्या भागांसाठी मेकॅनिकला जुने संचच फोडावे लागतात. पुरवणीने त्यावर लिहावे.

– एक वाचक, फोंडा