चेहऱ्यावरचे केस: क्रीमची माहिती नीट द्या

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

हनुवटीवर नि वरच्या ओठावर केस येतात म्हणून आमच्या डिचोली-साखळीकडच्या कितीतरी मुली चवथीला, जत्रेला सुद्धा लोकांत यायला लाजतात आणि घरचे म्हणतात थ्रेडिंग कर नि गप्प बस, हे बघून खूप वाईट वाटतं. एफ्लोर्निथिन नावाचं १३.९ टक्क्यांचं क्रीम असतं, अमेरिकेत २००० साली त्याला मान्यता मिळाली, पण ते केस काढत नाही हां, केसाच्या मुळातलं एक एन्झाइम अडवून वाढ हळू करतं, म्हणजे थ्रेडिंग चालूच ठेवायचं आणि क्रीम दिवसातून दोनदा, मध्ये निदान ८ तास सोडून लावायचं. फरक दिसायला ४ ते ८ आठवडे जातात, बंद केलं की साधारण ८ आठवड्यांत परत पहिल्यासारखं. हे कोणी सांगतच नाही, मग पोरी पंधरा दिवसांत ट्यूब टाकून देतात!

काहीजणी फार्मसीतून स्टेरॉइडवालं क्रीम आणून लावतात, त्याने उलट केस वाढू शकतात, कृपा करून नको. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड) आहे का ते तपासून घ्या, गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बांबोळीला स्किनचे डॉक्टर आहेत, पण ही माहिती गावच्या आरोग्य केंद्रांतही मराठी-कोंकणीत लावावी, एवढी विनंती.

एक वाचक, डिचोली