पूल नव्हे, टांगलेला पाळणा

दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत ‘खाडीवर उंच पूल का नाही’ ही चर्चा नेहमीची. पण उंच पुलाचा खर्च चढणीत असतो. डोलकाठ्यांसाठी ४५ मीटर उंची ठेवली, तर वीसास एक चढाने प्रत्येक काठावर ९०० मीटर चढण लागते. स्पेनमध्ये बिल्बाओजवळ १८९३ साली यावर सुंदर तोडगा निघाला. उंच तुळईवरच्या रुळांवरून गाडा धावतो, त्याला पोलादी दोरांनी टांगलेला पाळणा रस्त्याच्या पातळीवरूनच माणसे-वाहने पलीकडे नेतो. दोर तिरपे, एकमेकांना छेदून बांधतात. नुसते उभे बांधले तर पाळणा हेलकावे खाईल. तरी सोसाट्याच्या वाऱ्यात तो थांबवावाच लागतो. खेपेला वाहनेही मोजकीच मावतात, म्हणून मोटारी वाढल्यावर असे पूल मागे पडले.

– एक वाचक, गुहागर