लीड्सहून आई-बाबांना

लीड्स,
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोहोचला आणि चकल्या मी अजून पुरवून खाते आहे. शाळेतल्या मुलांच्या व्यवसायोपचाराचा, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचा, माझा दिनक्रम तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी चारलाच अंधार पडू लागला असला तरी घर उबदार आहे आणि मी वेळेवर जेवते, म्हणून काळजी करू नये.

आई, गेल्या रविवारी फोनवर तू माझ्या मनगटावरची खूण पाहिलीस, आणि तेव्हापासून तुला झोप नाही, असे वहिनीने कळवले. तो माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचा चावा होता हे मी तुझ्यापासून लपवले, ते चुकलेच. परंतु जखम वरवरची होती, त्याच दिवशी दाखवून घेतली आणि आता पूर्ण भरली आहे. त्या मुलाने रागाने काही केले नाही. शाळेत सरावासाठी फायर अलार्म वाजला, त्या आवाजाने तो पुरता गांगरला, आणि अशा वेळी मी त्याला न विचारता त्याचा दंड धरला. आता सरावाच्या दिवशी त्याच्या चित्रांच्या वेळापत्रकात घंटेचे चित्र लावतो आणि आवाज अडवणारे हेडफोन दाराशीच टांगून ठेवतो.

बाबा, साडेचार वर्षे परळच्या केईएम रुग्णालयात शिकून मी मुलांना झोपाळ्यावर बसवते का, असे काका विचारतात. त्यांना सांगा की झोपाळाही असतो, कारण शरीराचा तोल सांभाळणारी आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव ज्या मुलांना फार कमी किंवा फार जास्त मिळते, त्यांना वर्गात स्थिर बसणे हेच मोठे कष्टाचे काम असते. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स यांनी याचा पाया घातला. ऑक्युपेशन म्हणजे येथे नोकरी नव्हे. मुलाचे ऑक्युपेशन म्हणजे खेळणे, जेवणे, शर्टाची बटणे लावणे, मित्राशेजारी बसता येणे. शिवाय ही विद्या काही मी परदेशात येऊन उचललेली नाही. कमलाबाई निंबकरांनी 1950 मध्ये केईएममध्येच व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, आणि आज जे करते त्याचे मूळ मला तिथेच मिळाले.

येथील एका रीतीची मात्र मला दीड वर्षानंतरही सवय झालेली नाही. भेटणारा प्रत्येक माणूस ‘ऑल राइट?’ असे विचारतो आणि उत्तर न ऐकता पुढे जातो. पहिल्या महिन्यात मी थांबून खरे सांगत असे, की रात्री झोप लागली नाही, घरची आठवण येते. मग समोरचा अवघडून घड्याळाकडे पाही. पुढे एका सहकारिणीने समजावले, की त्यावर आपणही ‘ऑल राइट?’ एवढेच म्हणायचे असते, म्हणजे दोघेही विचारतात, दोघेही सांगत नाहीत, आणि तरीही विचारपूस झाली असे दोघांना वाटते. आपल्याकडे कोणी ‘जेवलात का?’ म्हटले तर निदान ‘हो, आत्ताच’ एवढे तरी उत्तर दिले जाते.

माझ्याकडे येणारा आठ वर्षांचा एक मुलगा या प्रश्नाला खरे उत्तर देतो. त्याला ऑटिझम आहे. विचारले की तो थांबतो आणि सांगतो, की डाव्या मोज्याची शिवण टोचते, जेवणाच्या खोलीत वाटाण्यांचा वास येतो आणि आज बाई वेगळ्या आहेत. त्याला ‘योग्य’ उत्तर शिकवावे, असे मला सुचवण्यात आले होते. मी ते केले नाही. ऐकायला वेळ असेल तेव्हाच त्याला विचारा, अशी मी शिक्षिकांना विनंती केली आणि त्यांनी ती मानली. तो सांगत होता म्हणूनच शिवणीचे कळले, त्याच्या आईने बिनशिवणीचे मोजे आणले, आणि रोज सकाळी घरातून निघतानाचे रडणे पुष्कळ कमी झाले.

हे लिहिताना आपल्या दादाचा बाळू डोळ्यांसमोर आहे. दादाही उशिराच बोलला, हे आई, तू मला अनेकदा सांगितले आहेस, आणि बाळूचेही तसेच असेल तर मला आनंदच होईल. फोनच्या पडद्यावरून मी त्याला कोणतेही नाव देत नाही, आणि आत्याने ते देऊही नये. पण साडेतीन वर्षांचा मुलगा हाकेला वळत नसेल, मिक्सर सुरू होताच कान झाकत असेल आणि चार-पाचच शब्द बोलत असेल, तर वाट पाहू नका. आधी त्याचे कान तपासून घ्या, मग जिल्हा रुग्णालयात बालविकासाच्या तपासणीची चौकशी करा. अंगणवाडीत डॉक्टरांचे पथक येते, त्यांनाही दाखवा. तोपर्यंत तो पाण्याची कळशी ओढतो म्हणून त्याला ओरडू नका, त्याला जोर लावता यावा म्हणून कणकेचा मोठा गोळा मळायला द्या. वहिनीला कोणीही बोल लावू नये, कारण आईच्या सांभाळण्याने असे काही होत नाही. मी तिथे असते तर, असे एक वाक्य येथे लिहिले होते, ते खोडले.

आता पैशांचे. या महिन्यात कर्जाच्या हप्त्याखेरीज 40,000 रुपये जास्त पाठवले आहेत. ते डिसेंबरच्या तिकिटासाठी ठेवले होते, परंतु एक सहकारीण बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि माझ्याकडच्या मुलांची वेळापत्रके ऐन वेळी मोडवत नाहीत, म्हणून मला आत्याकडच्या ताईच्या लग्नाला येता येणार नाही. आत्याला मी स्वतः फोन करीन. ते पैसे छपराच्या पत्र्यांसाठी वापरू नका, बाळूच्या तपासण्या आणि जाण्यायेण्यासाठी ठेवा.

सांगलीच्या स्थळाला नकार देऊ नका, मी मे महिन्यात येईन तेव्हा भेटेन. मी काम सोडणार नाही, एवढे त्यांना आधीच सांगा. आणि आई, बाळूला रुग्णालयात नेल्याचे त्यांच्या कानावर गेले तर जुळत आलेले मोडेल, ही तुझी भीती तू बोलून दाखवली नाहीस तरी मला कळते. त्यासाठी एक दिवसही थांबू नकोस. त्यांनी विचारले तर खरे सांग, आणि त्यावरून स्थळ गेले तर जाऊ दे.

तुमची लेक

ता. क. पुण्याला निघालेल्या मैत्रिणीबरोबर बाळूसाठी बिनशिवणीचे चार जोड मोजे पाठवते आहे. माप अंदाजाने घेतले आहे. सैल झाले तर कळवा, आणि नको म्हणाला तर बळेच घालू नका.