काकूंची सेवा कर, पण खोकला अंगावर काढू नकोस

इंदूर, रविवार

चि. सोनूस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम आणि अनेक आशीर्वाद.

बुधवारी फोनवर काकूंच्या क्षयाच्या औषधांचं सांगता सांगता तू मध्येच खोकलीस. विचारलं तर "धूळ आहे गं" म्हणालीस आणि दादाच्या दुकानाचा विषय काढलास. फोनवर मी काही बोलले नाही. खोकल्याबद्दल इथे एकदाच लिहिते, मग पुन्हा काढणार नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, यांतलं एक जरी असलं तरी थुंकी तपासायची, हे तुला माझ्यापेक्षा कुणी जास्त वेळा सांगितलं नसेल. पण तो नियम सगळ्यांसाठी. जी क्षयाच्या रुग्णाजवळ रोज बसते, तिने दोन आठवडेसुद्धा थांबायचं नसतं. सरकारी केंद्रात पैसे लागत नाहीत. एक नमुना तिथल्या तिथे आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी, काही खाण्याआधी. साध्या पाण्याने चूळ भर, दोन-तीन दीर्घ श्वास घे आणि छातीतून खाकरून डबीत टाक. नुसती लाळ दिली की तपासणी वाया जाते आणि माणूस "निगेटिव्ह" म्हणून निर्धास्त फिरतो. हे मोकळ्या हवेत कर, बंद न्हाणीघरात नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे जंतूचे जनुक शोधणारी तपासणी, करून मागायचं, कारण रिफाम्पिसिन, क्षयाचं मुख्य औषध, लागू पडेल की नाही तेही त्यातच कळतं. छातीचा एक्स-रेही काढून घे.

आता काकूंबद्दल.

तू त्यांना सोडणार नाहीस हे मला माहीत आहे आणि सोड असं मी म्हणणार नाही. देवळात लोक त्यांच्या शेजारचा बाक रिकामा ठेवायला लागले तेव्हा तू जाऊन बसलीस. हे ऐकून तुझे बाबा दिवसभर काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी दादाला, आत्याला आणि पाळकसाहेबांना, तिघांना फोन करून सांगितलं. विश्वासाच्या घराण्यातल्यांचं विशेष करून बरं करा, असं पौल गलतीकरांना लिहितो. आता ते घराणं म्हणजे बडोद्यात फतेहगंजच्या एका खोलीत एकटी राहणारी बाई.

त्या बाकावर न बसणाऱ्यांना एवढं समजावून सांग. क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही, कपड्यांतून नाही, हात हातात घेतल्याने नाही. काकूंची भांडी वेगळी ठेवण्याचं काही कारण नाही. त्या वेगळ्या पेल्यानेच माणूस जास्त खचतो. वेगळी हवी ती हवा. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायच्या, थंडी असली तरी. तू अशी बस की वारा तुझ्या पाठीकडून येऊन काकूंकडे आणि तिथून बाहेर जाईल. पंखाही तसाच लाव. त्यांना साधा मास्क पुरतो, तुला एन-95 हवा, गालाला घट्ट बसणारा. ओढणी तोंडावर घेऊन भागत नाही.

औषध नीट चालू झालं की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. म्हणजे खरा धोका निदानाच्या आधीचा. तेव्हा सगळे "जुना दमा आहे" म्हणत होते आणि तू डिसेंबरात खिडक्या लावून त्यांना वचन वाचून दाखवत होतीस. म्हणून मला तुझ्या खोकल्याच्या काळजीने झोप येत नाही. बघ, पुन्हा तिथेच आले.

काकूंचं वजन 41 म्हणालीस, म्हणजे रोज तीन गोळ्या. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्बुटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड गळतं, बाकीची तीन चालू राहतात. लघवी लालसर-केशरी होईल, ती रिफाम्पिसिनमुळे. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त समजून गोळ्या बंद करतो. मळमळ, तळपायाला मुंग्या, हे डॉक्टरांच्या कानावर घालायचं, पण गोळ्या चालू ठेवून. डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली, रंग नीट कळेनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं.

आणि घात होतो तो तिसऱ्या महिन्यात. ताप गेलेला असतो, भूक लागते, अंगावर मांस चढतं, आणि माणूस म्हणतो, बरी झाले. आतले जंतू संपलेले नसतात. अर्धवट सोडलेल्या औषधातून जे उरतात ते पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. मंडळी ताप असताना दारात गर्दी करते, प्रार्थना करते, सूप आणते, आणि नेमकी या महिन्यात पांगते. तुमची सेवा सहा महिन्यांची आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायला हवं.

सगळ्यांना म्हणाले मी. तुला एकटीला नाही.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुन्हा वाच. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तक्रार झाली. बारा जणांनी काय केलं? सात जण निवडले, स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे. जेवण वाढायच्या कामाला सात माणसं, तीही चांगल्या नावाची. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो जावयाला तोंडावर सांगतो की तू आणि हे लोक, दोघंही थकून जाल. मोशेने ऐकलं. माझी मुलगी ऐकत नाही. (रागावू नकोस, आई आहे म्हणून लिहिते.)

तुमच्या तरुण संघात आठ-दहा तरी असाल. सकाळच्या गोळ्या समोर घ्यायला लावायला एक जण, आठवड्याने बदलणारा. महिन्याची औषधं आणायला आणि तपासणीला न्यायला दुसरा. जेवणासाठी स्त्रीसमाजाच्या घरांना एकेक वार. वही एकच, काकूंच्या उशाशी: तारीख, गोळ्या घेतल्या की नाही, वजन, काही त्रास. आदल्याने काय पाहिलं ते पुढच्याला कळलं पाहिजे, नाहीतर सगळे येतात आणि कुणालाच काही माहीत नसतं. रात्रीची जागरणं आता गरजेची नाहीत. काकू स्वतः उठून बाथरूमला जातात असं तूच म्हणालीस. मग तू रात्री तिथे का झोपतेस?

शिध्याचं सांगते. महिन्याला एका माणसासाठी तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, एक किलो शेंगदाणे किंवा दूध पावडर आणि तीस अंडी. हे एका घराला जड, दहा घरांना काहीच नाही. मिझोरमच्या मंडळ्यांत 1910 पासून बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. त्यावर तिथे केवढी कामं उभी राहिली! तुमच्या पाळकांना सांग, मंडळीच्या नावाने "नि-क्षय मित्र" म्हणून नोंदणी होते, म्हणजे सहा महिने रुग्णाच्या पोषणाची जबाबदारी घेता येते. शिवाय काकूंना सरकारकडून पोषणाचे महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात मिळायला हवेत. खातं चालू आहे का ते बघ, बंद खात्यामुळेच ते अडकतात. अडलं तर 1800-11-6666 वर विचार.

जे रोख अर्पण येईल ते तुझ्या पाकिटात ठेवू नकोस. तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल तीताबरोबर आणखी एक भाऊ पाठवतो, तो एवढ्यासाठीच की दानाच्या कारभारावर कुणी बोट ठेवू नये, प्रभूसमोर आणि माणसांसमोरही. दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, पावत्या वहीला लावायच्या.

काकूंचा पुतण्या आणंदला असतो ना? तीमथ्याच्या पहिल्या पत्रात घरच्यांनी आधी आपल्या विधवांचं बघावं असं आहे. पण काकूंना विचारल्याशिवाय कळवू नकोस. कुणाला सांगायचं हे त्यांनी ठरवायचं. देवळात नाव घेऊन प्रार्थना मागतानाही आजाराचं नाव न विचारता घेऊ नये.

केडगावची आजी पंडिता रमाबाईंचं सांगायची ते तुझ्या डोक्यात लहानपणापासून बसलंय, ते मला ठाऊक आहे. 1896 च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. तू ते ऐकताना जेवायची थांबायचीस. आजी पुढचं सांगत नसे. मनोरमाबाई, त्यांची एकुलती एक लेक, आईच्या कामाला आयुष्यभर जुंपलेली, 1921 साली चाळिसाव्या वर्षी गेली. आई 1922 पर्यंत होती. मी हे लिहायला नको होतं. पण खोडत नाही.

फिलिप्पैच्या मंडळीने पौलाच्या मदतीला एपफ्रदीताला पाठवलं. तो मरणाच्या दाराशी जाईपर्यंत आजारी पडला. मग पौल काय करतो? अजून चार दिवस राहा म्हणत नाही. पत्र देऊन घरी पाठवतो, त्याला मान द्या असं लिहून. त्या सेवेत ते घरी येणंही आहे, सोनू.

तुझा अहवाल निगेटिव्ह आला तरी काम संपलं नाही. जवळ राहणाऱ्यांसाठी प्रतिबंधक औषध असतं, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. ते तुला लागू आहे का, केंद्रातच विचार. पॉझिटिव्ह आला तर त्याच तीन-चार गोळ्या, तेच सहा महिने, आणि तू बरी होशील. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

फार उपदेश झाला. माफ कर. तू करतेस ते आमच्यातल्या कुणीच एवढं केलं नाही. बाबांच्या डोळ्याचं ठीक आहे, थेंब चालू आहेत. शनिवारी मी अवंतिका एक्सप्रेसने निघते. पंधरा दिवस काकूंच्या गोळ्या मी बघते, तेवढ्यात तू वार लावून घे. सोमवारी सकाळी थुंकी दे आणि डबीवर नाव लिहिलंय का ते स्वतः बघ. अहवालाचा फोटो मला पाठव, बाबांना नको.

तुझी आई